बैठकीतल्या समुद्राचं दुखणं

५ जून २००५, रविवार

झेनियाने टाळ्या वाजवणं बंद केलंय. काल वाटलं, पंप मंद झाला असेल. पंप ठणठणीत आहे. आज चहा घेऊन माशांच्या टाकीसमोर बसले तर सगळे गुच्छ मुठी आवळून बसलेले. बोटभर उंचीचं हे मऊ पोवळं, प्रत्येक देठाच्या टोकाला आठ बोटांचा पंजा, आणि ते पंजे दिवसभर उघडझाप करणार, त्यासाठी तर बंगळूरहून बसने, थर्मोकोलच्या पेटीत घालून आणवलं होतं. ह्यापुढे नुसतं झे. लिहीन.

अप्पांनी (सासरे) त्याचं नाव टाळकरी ठेवलंय. "टाळकरी संपावर गेलेत की गं उमा," म्हणाले. हसून म्हणाले, पण खुर्ची काचेला टेकेपर्यंत पुढे ओढली.

मधू म्हणतो, दमले असतील. रोज बँकेच्या कलघटगी शाखेत जाऊन-येऊन नवऱ्याला हल्ली जगात सगळे दमलेलेच दिसतात.

७ जून

लेदरसुद्धा! लेदर म्हणजे थोराड अळंबीच्या छत्रीसारखं पोवळं, अंगभर मऊ केस. केस आत ओढून घेतलेत. तुळतुळीत. मुंज लागलेल्या बटूसारखं दिसतंय. पुस्तकात लिहिलंय, लेदर अधूनमधून कात टाकतं, तेव्हा मालकाने घाबरू नये. घाबरले नाही. थोडी घाबरले.

दोन्ही नारिंगी मासे मात्र मजेत. डबा उघडायच्या आत तोंड वर करून हजर.

८ जून

कोर्ट. माझ्या अशिलाची, अमरगोळ मार्केट यार्डातल्या अडत्याची, केस पुन्हा पुढे ढकलली. अडत्या माझ्यावर नाराज, मी तारखेवर नाराज, न्यायाधीश पंख्यावर नाराज.

घरी येऊन मिठाचं प्रमाण तपासलं. बरोबर. उष्णता बरोबर. म्हणजे नेहमीचे दोन्ही आरोपी निर्दोष सुटले.

११ जून

तिसरा आरोपी: ट्यूबलाइट. वर्ष उलटलं की त्यांचा उजेड पोवळ्यांच्या कामाचा राहत नाही, आपल्याला दिसतो तसाच दिसला तरी. नव्या बसवल्या. मधू शिडी धरून उभा. "आपल्या स्वयंपाकघरातली ट्यूब दिवाळीपासून फडफडतेय, त्याबद्दल कोर्टाचं काय म्हणणं आहे?" कोर्टाने पुढची तारीख दिली.

अप्पा सकाळची पूजा आटोपून तासभर तिथेच बसतात. अक्का (सासूबाई) गेल्यापासून जवळजवळ वर्षभर त्यांनी कुणाशी धड संभाषण केलं नव्हतं. जेवले का? हूं. झोप लागली? हूं. शाळेत चाळीस पोरांना एका आवाजात गप्प करणारा गणिताचा मास्तर, आणि हूं! टाकी आणली ती मी माझ्या हौसेने. पण झे. आल्याच्या आठवड्यात ते आपणहून बोलले: "हे काय करूलालंय?" टाळ्या वाजवतंय, म्हटलं. "कुणासाठी?" मला काय ठाऊक. तेव्हापासून रोज बसतात, मला बातम्या देतात. कुठला मासा कुणावर रुसला, कुठली गोगलगाय काचेवर किती चढली. हे लिहून ठेवते, कारण मधू विचारतो तुला ह्या किड्यांचं एवढं काय पडलंय. हे पडलंय.

१४ जून

गोगलगाय मेली. सकाळी वाळूत उताणी.

पाणी बदललं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, ते फिल्टरच्या मशीनमधून थेंब थेंब काढायचं, मग त्यात समुद्राचं मीठ. मशीन अर्धं पाणी फेकून देतं, त्या फेकलेल्या पाण्यात कपडे, फरशा, सगळं. शेजारच्या अक्कोर (बाई) म्हणाल्या, "माशांना शुद्ध पाणी आणि माणसांना उरलेलं का हो?" खरंच आहे ते.

१७ जून

आणखी दोन गोगलगायी गेल्या. झे. आता आक्रसून अर्धं झालंय. एक गुच्छ पाघळून गेला, नळीने ओढून काढला. वास सहन होत नाही.

अप्पा दिवसभर अस्वस्थ. "डॉक्टर नसतो का ह्यांचा?" बंगळूरच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, नवीन घ्या, परवाच माल आलाय. ह्याला डॉक्टर म्हणतात! कठीण पोवळ्यांना बंदी, पण मऊ पोवळ्यांचं नाव यादीत सापडलं नाही. कायदा दोनदा वाचून मगच आणलीत मी. अशी मरायला नव्हती आणली.

२० जून

कोर्टातून परस्पर सायबर कॅफे. परदेशातल्या पोवळेवाल्यांच्या मंडळात प्रश्न टाकला. माझं इंग्रजी कज्जे-दाव्यांचं, त्यामुळे "अर्जदाराचं म्हणणं असं की" अशा थाटात लिहिलं गेलं. बाजूच्या यंत्रावरचा मुलगा गाडीच्या स्पर्धा खेळत होता, माझ्या टेबलाला धक्के.

२२ जून

उत्तर आलंय! कुणी अनोळखी गृहस्थ. लिहितात: मासे ठीक, गोगलगायी मेल्या, मऊ पोवळी मिटली, तर पाण्यात तांबं बघा. तांबं माशांना बऱ्यापैकी सोसतं, उलट त्यांच्या रोगावर औषध म्हणूनही देतात. गोगलगायी आणि पोवळ्यांना मात्र अगदी थोडंही विष. टाकीत कुठे नाणं, तार, पितळी स्क्रू पडलाय का?

घरी येऊन कोपरापर्यंत हात घालून वाळू चाळली. नाणं नाही. तार नाही. मधूची हरवलेली पेनाची टोपी सापडली. बंगळूरहून तांबं तपासायची बाटली मागवली.

२७ जून

बाटली आली. टाकीचं पाणी नळीत, वर सहा थेंब, हलवलं. सगळे जमलो. अप्पा म्हणाले, "निकाल काय?"

निळं झालं. म्हणजे तांबं आहेच.

फिल्टरच्या मशीनचं पाणी तपासलं: स्वच्छ. मिठाचं पाणी: स्वच्छ. म्हणजे बाहेरून आणलेलं काहीच दोषी नाही, मग टाकीत तांबं येतंय कुठून? हीटर काढून बघितला. पंप उघडला. मधू म्हणाला आता मला उघडून बघ.

अप्पा काळजीत. "तांबं वाईट कसं असेल? उलट चांगलं म्हणतात की." म्हटलं, माणसांना अप्पा. ह्यांचं वेगळं. पण ते टाळकऱ्यांकडे बघत होते, कितपत ऐकलं कोण जाणे.

१ जुलै

वकिलांचा कामावर बहिष्कार. कशासाठी ते बार रूममध्ये पोचेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. साडेदहालाच घरी परत.

चपला काढतेय तर बैठकीतून श्लोक ऐकू आला. तीर्थ घेताना म्हणतात तो, सगळ्या व्याधी नाहीशा करणारा. पडद्याआडून पाहिलं. अप्पा सोवळ्यात, डाव्या हातात ताम्हन, उजव्या हाताने टाकीचं झाकण उचललेलं. देवाच्या अभिषेकाचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत झे.वर ओतलं. मग हात जोडले.

ताम्हन तांब्याचं. कलश तांब्याचा, त्यात पाणी रात्रभर भरून ठेवलेलं. आणि रोज चिंचेने घासून असं लखलखीत की तोंड दिसावं.

मला बघून दचकलेसुद्धा नाहीत. "आलीस? हे बघ, रोज देतोय हां मी. पयलं एक पळी देत होतो. आजारी पडल्यापासनं पूर्ण."

विचारलं, पहिल्यापासून टाकीत का ओतता? तर म्हणे, तूच म्हणालीस की, कुंडीतली तुळस सडेल, इतकं पाणी नको. खरं आहे, म्हणाले होते, एप्रिलमध्ये. दुसऱ्या मजल्यावर अंगण कुठलं. मोरीत ओतलं तर पायाखाली येणार, ते चालत नाही. "समुद्रात चालतं की. सगळी तीर्थं शेवटी समुद्रातच जातात."

आत जाऊन पलंगावर बसले आणि आधी खूप हसले. मग हसू गेलं.

१ जुलै, रात्रीचं जेवण झाल्यावर

मधूला सांगितलं. बडीशेप तोंडात टाकता टाकता त्याने हात थांबवला. "म्हणजे बाबा त्यांना औषध म्हणून…" हो. "आणि जास्त आजारी पडली तसं जास्त…" हो.

तू सांग, म्हटलं. वडील तुझे आहेत.

"टाकी तुझी आहे. चार लोकांसमोर कोर्टात बोलतेस, घरात बोलायला काय झालं?"

कोर्टात समोरच्याचं मन मोडलं तर फी मिळते. दोघांनीही सांगितलं नाही.

३ जुलै

युक्ती सुचली. अप्पांना सांगितलं, त्या परदेशातल्या जाणकारांनी टाकीला उपास सांगितलाय. पंधरा-वीस दिवस वरून काहीही घालायचं नाही.

उपास म्हटल्यावर अप्पा एकदम खूष. "छलो झालं, बेस झालं. लंघनासारखं औषध नाही. माशांनाही?" मासे लहान म्हणून त्यांना सूट. "आणि आपण?" आपलं नेहमीप्रमाणे. स्वतःवरच खूष होऊन मीही दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तांबं शोषून घेणारी पिशवी फिल्टरमध्ये टाकली. निम्मं पाणी बदललं.

६ जुलै

तपासलं. निळा रंग जरा फिका. लेदरचे चार केस बाहेर! चारच, पण बाहेर. अप्पा आल्यागेल्याला सांगतात, दूधवाल्याला सुद्धा: आधी कानडीत "नम्म समुद्रक्क उपवास", मग मराठीत "आपल्या समुद्राला उपास". दूधवाल्याने दोन्ही भाषांत काहीच न समजल्यासारखी मान हलवली.

९ जुलै

पुन्हा निळं. गडद.

लेदर पुन्हा तुळतुळीत. माझं डोकं चालेना. पिशवी बदलली, पंप पुन्हा उघडला. मधू म्हणाला, "साक्षीदाराची उलटतपासणी घेतलीस का?"

१० जुलै, रविवार

घेतली. पूजेच्या वेळी बैठकीतच पेपर घेऊन बसले. अप्पा आले. ताम्हन नव्हतं, नुसती पळी. झाकण उचललं.

"अप्पा! उपास आहे ना त्यांचा?"

"हौदू, आहे की. म्हणून तर बाकी काही देत नाही."

"मग हे?"

माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साध्या बेरजेत चुकलेय. "तीर्थानं उपास मोडत नाही की गं. एवढी शिकलीस तू."

पेपरात तोंड लपवून हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि कळलं की आता सांगावंच लागणार. ह्या माणसाला कुठलीही युक्ती पुरणार नाही, कारण तो लबाडी करतच नाहीये.

सांगितलं. शेजारी बसून, हळू. तांब्याचं, चिंचेचं, गोगलगायींचं. पळीतलं थोडं पाणी नळीत घेऊन थेंब टाकून दाखवलं, ते दाखवायला नको होतं. निळंशार झालं. सवय लागलीय पुरावा दाखल करायची.

अप्पांनी नळी उजेडाला धरून पाहिली. मग "साकु" म्हणाले, पुरे. उठून देवघरात गेले.

१२ जुलै

अप्पा बैठकीत येत नाहीत. देवघराचं दार लावून पूजा. अभिषेकाचं पाणी कमंडलूत घेऊन दोन मजले उतरून खाली नारळाच्या झाडाला घालतात. गुडघे दुखतात, तरी. मी म्हटलं, द्या मी घालते. "नको." स्टीलचं ताम्हन आणू का, विचारलं. ह्यावर निदान चिडले तरी. "स्टीलात पूजा? उद्या देवाला टिफिन पाठव!" चिडले म्हणून बरं वाटलं.

पण मग परत हूं. भाजी आवडली? हूं.

१५ जुलै

पाणी स्वच्छ! सहा थेंब टाकले, जराही निळं नाही. पुन्हा टाकून बघितलं. मी आणि मधूने टाळी दिली, आणि दोघांनी एकदमच देवघराच्या दाराकडे पाहिलं.

लेदर उघडतंय. झे.चे दोन गुच्छ गेले, तिसरा आहे पण मूठ घट्ट. वाचेल की नाही सांगता येत नाही, असं त्या अनोळखी गृहस्थांनीही कळवलंय.

मधू म्हणतो, नवीन झे. आणू, बाबांना कळणारही नाही. कळेल. कोणता देठ वाकडा आहे हेसुद्धा त्यांना माहीत आहे. आणि मला झे. नकोय आता. मला खुर्चीत बसलेले अप्पा हवेत, बातम्या देणारे. माझी तीच एक मागणी आहे आणि ती मंजूर करणारं कुठलं कोर्ट मला माहीत नाही.

१९ जुलै

अडत्याची केस जिंकले. पेढ्यांचा पुडा. अप्पांनी अर्धा पेढा खाल्ला, "छलो" म्हणाले, अर्धा परत ठेवला. अक्का असत्या तर अप्पांनी संपूर्ण खाल्ला असता, मग आणखी अर्धा मागितला असता, आणि अक्कांनी "साखर बघा आपली" म्हणून पुडा उचलून नेला असता. आमच्या घरात त्यांच्यानंतर पुडा उचलून नेणारं कुणी उरलेलं नाही.

२१ जुलै

खोटी बातमी पेरून पाहिली. जेवताना मोठ्याने म्हटलं, आज मोठा मासा लहान्याला चावला. अप्पांनी भात कालवता कालवता म्हटलं, "तो चावत नाही. धाकटा चावतो." म्हणजे आठवण आहे! मग पुन्हा मान भातात.

२४ जुलै, रविवार

सकाळी बादलीत नवं पाणी तयार करत होते. मीठ घालून लाकडी काठीने ढवळत. झे. मिटलेलंच. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. अप्पा. दोन आठवड्यांनी बैठकीत.

बादलीत डोकावले. मला वाटलं, प्रमाण विचारतील.

"उमा, एक विचारू?"

"विचारा की अप्पा."

"शेवटी शेवटी अक्काला मी तेच तीर्थ देत होतो. पळीनं. दुसरं काही घशाखाली उतरत नव्हतं तिच्या. तू बघितलंस की." मग खुर्चीची पाठ धरली. "तिला त्रास झाला नसेल?"

हे घेऊन हा माणूस पंधरा दिवस दार लावून बसला होता. आणि मी समजत होते, पोवळ्यांसाठी.

म्हटलं, "नाही अप्पा. माणसाला तांब्यातलं पाणी चालतं. आपण सगळे ते पितच मोठे झालो."

"नक्की?"

"नक्की."

तरी उभेच. मास्तरांना नुसतं उत्तर पुरत नाही, कसं आलं ते दाखवावं लागतं. माझ्याकडे एकच गोष्ट होती, ती सांगितली. मी चमच्याने पेज द्यायला गेले की अक्का ओठ मिटून घ्यायच्या. मधूने दिलं तरी मिटायच्या. नर्सलाही दाद दिली नाही. तुम्ही पळी घेऊन दारात दिसलात की तिथूनच तोंड उघडायच्या. जवळ यायच्या आधीच. मी पायथ्याशी बसलेली असायची, रोज बघायची.

अप्पांनी खुर्ची ओढली. बसले. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मीही.

"दारातनंच?"

"दारातूनच."

मग माझ्या हातातली काठी घेतली आणि सावकाश ढवळायला लागले. मीठ विरघळत आलं होतं.

"परत सांग," म्हणाले.